सायकेडेलिक औषधांचा प्रस्ताव टेबलावर येण्याआधी : एथिक्स कमिट्यांच्या सभासदांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णालयांच्या एथिक्स कमिट्यांचे अध्यक्ष, सचिव व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. डॉक्टर नाही, वकीलही नाही. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आता नवी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीवर, ‘लेपर्सन’ म्हणून बसतो. किमान सात जणांच्या कमिटीत असा एक साधा माणूस हवाच, असं २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम सांगतात. ती खुर्ची माझी. नौपाड्यातून ट्रान्स-हार्बर लोकलने येताना प्रोटोकॉलची, म्हणजे ट्रायलच्या आराखड्याची, पानं चाळायची आणि डॉक्टर मंडळींना जे विचारायला संकोच वाटतो ते बैठकीत बिनधास्त विचारायचं, एवढंच माझं काम. कमिटीत काय चाललंय ते बाहेर बोलायचं नसतं, म्हणून या पत्रात कुठल्याही प्रस्तावाबद्दल एक अक्षर नाही. लिहितोय ते जाहीर, छापील इतिहासाबद्दल.

विषय आहे सायकेडेलिक औषधांचा, म्हणजे काही तास माणसाच्या जाणिवा आणि विचार बदलून टाकणाऱ्या पदार्थांचा: एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कलिन, आणि त्यांच्या आसपास वावरणारी एमडीएमए व केटामीन. आपल्याकडे ही नावं वाचायला मिळतात ती पोलिसांनी टेबलावर मांडलेल्या पुड्यांच्या फोटोखाली. ठाण्या-नवी मुंबईत तर ‘ड्रग’ म्हटलं की लोकांना आधी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आठवतं. त्यामुळे उद्या असा प्रस्ताव आला तर आपल्यातले काही जण शीर्षक वाचूनच दचकतील, आणि ज्यांनी परदेशातल्या बातम्या वाचल्यात ते भारावून सही करतील. मला दोन्हींची धास्ती वाटते. सायलोसायबिनच्या ट्रायल परदेशात तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन आणि आघातोत्तर तणावासाठी एमडीएमए लिहून देण्याची मुभा दिली. केटामीन तर आपल्याकडे नैराश्यावर दिलं जातंच आहे. तेव्हा प्रस्ताव येणार हे धरून चालू.

इतिहास वाचून माझं मत असं झालंय की या पदार्थांपायी माणसांचं जे नुकसान झालं, त्याचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण संमतीच्या कागदापाशी, किंवा तो कागदच नव्हता या गोष्टीपाशी, येऊन पोचतो. आणि संमती हे तर आपलंच खातं.

सुरुवात घराजवळून करतो. कोलशेत रोडवरची सँडोज बाग प्रत्येक ठाणेकराला माहीत आहे. सँडोज ही स्विस कंपनी. तिचा रसायनांचा व्यवसाय १९९५ मध्ये क्लॅरियंट नावाने वेगळा झाला, पुढच्या वर्षी उरलेली सँडोज आणि सिबा-गायगी एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली, कोलशेतला टॉवर उभे राहिले, पण रिक्षावाल्याला आजही सँडोज बागच सांगावं लागतं. याच कंपनीच्या बाझलमधल्या प्रयोगशाळेत १९३८ साली अल्बर्ट हॉफमन या रसायनतज्ज्ञाने एलएसडी पहिल्यांदा तयार केलं. (ठाण्यात ते कधी बनलं असा अर्थ कृपया कुणी काढू नये. व्हॉट्सॲपवर काय फिरेल याचा नेम नाही.)

हॉफमन अरगटावर काम करत होता. अरगट म्हणजे धान्याच्या कणसात दाण्याच्या जागी वाढणारी बुरशी. युरोपात ती राय नावाच्या धान्यावर यायची आणि मध्ययुगात तिने गावंच्या गावं पांगळी केली. आपल्याकडे त्याच कुळातली बुरशी बाजरीवर येते. म्हणून शेतकरी पेरणीआधी बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकतो आणि वर तरंगेल ते काढून जाळतो. या विषारी बुरशीतून उपयोगाचं काय निघतं हे हॉफमन शोधत होता, आणि त्याला बरंच मिळालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं मेथर्जिन हे त्याच्याच कामातून आलं. आपल्या कमिटीवर कुणी स्त्रीरोगतज्ज्ञ असतील तर त्यांनी ते शेकडो वेळा वापरलं असेल. त्याच मालिकेतला पंचविसावा पदार्थ म्हणजे एलएसडी-२५. प्राण्यांवर विशेष काही दिसलं नाही म्हणून तो पाच वर्षं बाजूला पडला. १९४३ च्या एप्रिलमध्ये हॉफमनने तो पुन्हा बनवला, चुकून थोडा अंगात गेला, आणि तीन दिवसांनी त्याने मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग, घेतला. पुढची सायकलवरून घरी जाण्याची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, मी ती वगळतो. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: या सबंध इतिहासात आपण काय घेतोय हे समजून, स्वतःच्या मर्जीने, सोबतीला माणूस ठेवून डोस घेणारा पहिला माणूस तो स्वतः होता. पुढच्या अनेकांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

१९४७ मध्ये सँडोजने ते ‘डेलिसिड’ नावाने मानसोपचारतज्ज्ञांना पुरवायला सुरुवात केली. सोबतच्या पत्रकात दोन उपयोग लिहिले होते: मनोविश्लेषणात रुग्णाला मोकळं करण्यासाठी, आणि डॉक्टरने स्वतः घेऊन वेड आतून कसं असतं ते समजून घेण्यासाठी. दुसऱ्या उपयोगाची आज आपल्याला गंमत वाटते. पण ज्या काळात मनोरुग्णाला कोठडीपलीकडे फारसं काही मिळत नव्हतं, त्या काळातला हा विचार आहे. आपल्या ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा टोमणा महाराष्ट्रभर चालतो. त्या भिंतींआड पहिली पन्नास वर्षं डॉक्टरांच्या हातात औषध म्हणून काय होतं, याचा विचार एकदा करून पाहावा.

इथे मुंबईचा एक धागा जोडायला हवा, कारण तो आपण विसरलोय. आपली सर्पगंधा. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर होतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबावरचे आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, तेही बाझललाच, सिबाच्या प्रयोगशाळेत. पुढच्या दोनतीन वर्षांत दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या. एलएसडीच्या रेणूचा सांगाडा मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाशी जुळतो, आणि रेसर्पिन दिलं की मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मनाचे आजार आणि मेंदूतलं रसायन यांचा संबंध असावा हा विचार जोर धरू लागला तो या दोन टोकांमधून. पहिलं टोक अरगटाचं, दुसरं आपल्या जंगलातल्या मुळीचं. ‘हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे’ असं बैठकीत कुणी म्हणालं, तर डॉ. रुस्तुम वकिलांचं नाव जरूर सांगा.

तर पन्नासचं दशक. कॅनडात सस्कॅचेवानमधल्या वेबर्नच्या इस्पितळात हम्फ्री ऑसमंड आणि त्यांचे सहकारी एब्रम हॉफर दारूच्या व्यसनात अडकलेल्यांना एलएसडी देत होते. पुढे १९६६ ते १९७० दरम्यान छापलेल्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या सहा ट्रायल २०१२ मध्ये नॉर्वेच्या दोन संशोधकांनी एकत्र मोजल्या: ५३६ रुग्ण, एलएसडी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले, न मिळालेल्यांपैकी ३८ टक्के. एका डोसवर. शिकागोत एरिक कास्ट यांनी १९६४ मध्ये गंभीर आजारी ५० रुग्णांच्या वेदना मोजल्या आणि एलएसडीचा परिणाम नेहमीच्या वेदनाशामकांपेक्षा जास्त टिकल्याचं नोंदवलं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अंदाजे चाळीस हजार रुग्णांना ही औषधं दिली गेली होती. आणि धोका? लॉस एंजेलिसच्या सिडनी कोहेन यांनी १९६० मध्ये ४४ संशोधकांकडून माहिती गोळा केली. सुमारे पाच हजार माणसं, पंचवीस हजार डोस. रुग्णांमध्ये लांबलेला मानसिक बिघाड हजारी दोनच्याही आत, आत्महत्या हजारी अर्ध्याहून कमी. आकडा लहान आहे. पण हाच गृहस्थ दोन वर्षांत धोक्याची सूचना देऊ लागला, कारण तोवर औषध काळजीवाहू हातांतून निसटून कुणाच्याही हातात जाऊ लागलं होतं. आपल्या कामासाठी मला त्याच्या आकड्यापेक्षा ही बदललेली भूमिका जास्त शिकवून जाते.

आता काळी बाजू. इथे मी जरा थांबणार आहे, कारण प्रस्तावासोबत येणाऱ्या ‘पार्श्वभूमी’च्या परिच्छेदात ही बाजू दोन ओळींत गुंडाळलेली असते.

सायलोसायबिन ज्या मशरूममधून आलं ती मेक्सिकोच्या ओहाका प्रांतातल्या माझातेक लोकांची पूजेची वस्तू. १९५५ मध्ये न्यूयॉर्कचा बँकर गॉर्डन वॉसन तिथल्या मारिया सबीना या बाईकडे पोचला. हा विधी रंजल्यागांजल्यांसाठी असतो, म्हणून त्याने सांगितलं की मला माझ्या मुलाची काळजी लागलीय. ती बतावणी होती, हे पुढे त्यानेच मान्य केलं. १९५७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात बाईंचं नाव बदलून पण फोटोंसकट लेख आला, आणि गावात परदेशी हौशांची रीघ लागली. पोलीस आले, गावकरी बिथरले, बाईंचं घर जाळलं गेलं. तिकडे १९५८ मध्ये हॉफमनने मशरूममधून सायलोसायबिन वेगळं केलं आणि सँडोजने ते बाटलीत भरलं. आज या रेणूच्या जोरावर कंपन्या शेअर बाजारात उतरल्यात. त्याच्या आधुनिक इतिहासातली पहिली संमती अशी मिळवलेली आहे.

अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी केंद्र होतं. तिथे हॅरिस इस्बेल यांनी कैद्यांना, ज्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य, सलग ७७ दिवस एलएसडी दिलं. मोबदला काय, तर ज्याचं व्यसन सोडवायला आणलं तोच अमली पदार्थ. कागदावर सह्या होत्या! या कामामागे सीआयएचा पैसा होता, हे १९७० च्या दशकात उघड झालं. माँट्रिअलमध्ये इवन कॅमेरॉन यांनी नैराश्याच्या, चिंतेच्या साध्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांना एलएसडी, विजेचे झटके आणि आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवण्याचे प्रयोग न सांगता केले. हे कॅमेरॉन १९४५ मध्ये न्यूरेंबर्गला, नाझींवरच्या खटल्यात, हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेसची मानसिक तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांपैकी एक. ज्या गावाच्या नावाने संमतीची संहिता १९४७ मध्ये लिहिली गेली, तिथे जाऊन आलेला माणूस. पुढे तो जागतिक मानसोपचार संघटनेचा अध्यक्षही झाला. कॅनडा सरकारने १९९२ मध्ये ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. इंग्लंडमधल्या पॉविक इस्पितळात तर हेतू चांगला होता, रोनाल्ड सँडिसन मनापासून उपचार करत होते, तरीही तिथल्या ४३ जुन्या रुग्णांना २००२ मध्ये न्यायालयाबाहेर भरपाई द्यावी लागली. केटामीनही सुटलं नाही. १९६२ मध्ये ते पार्क-डेव्हिससाठी बनलं आणि माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं ते १९६४ मध्ये, मिशिगनच्या तुरुंगात.

आणि एक प्रसंग असा, की जिथे सगळे सज्जन होते. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टनच्या चॅपलमध्ये वॉल्टर पानके यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांपैकी दहांना सायलोसायबिन दिलं, दहांना नियासिन हे जीवनसत्त्व. देव भेटल्यासारखं वाटलं का, हा प्रश्न. निकाल झकास आला. सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्यातल्या बहुतेकांना शोधून काढलं तेव्हा कळलं की एक विद्यार्थी बाहेर पळाला होता, त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावं लागलं होतं, आणि ही घटना प्रबंधात नोंदलेलीच नव्हती. कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणी हेर नव्हता. निकाल इतका सुंदर होता की त्यात हा डाग कुणाला नको होता. आपल्याकडे येणाऱ्या प्रस्तावांत मला याच प्रकाराची भीती जास्त वाटते.

बंदी कशी आली हे थोडक्यात सांगतो. या औषधांचा प्रचार करणारे प्राध्यापक टिमथी लिअरी यांचं हार्वर्ड प्रकरण, हिप्पी, व्हिएतनाम, हे सगळं खरं. पण थॅलिडोमाइड या गोळीमुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या शोकांतिकेनंतर अमेरिकेने १९६२ मध्ये कायदा केला की औषधाचा गुण नियंत्रित ट्रायलने सिद्ध करावा लागेल, आणि सायकेडेलिक उपचार त्या चौकटीत बसवणं कुणालाच नीट जमलं नाही. १९६५ मध्ये सँडोजने पुरवठा थांबवला. १९७० चा अमेरिकेचा कायदा, १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार, आणि आपला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा ही पुढची पावलं. मात्र आपल्या कायद्याच्या कलम ८ मध्येच ‘वैद्यकीय अथवा वैज्ञानिक कारण वगळून’ अशी सूट लिहिलेली आहे. तेव्हा ‘कायद्यानेच मनाई आहे’ म्हणून फाइल परत पाठवणं हा आळस होईल. परवानग्या मिळवणं अवघड आहे. ते अर्जदाराने पाहावं.

परतीची वाट जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून निघाली. रोलंड ग्रिफिथ्स यांनी २००६ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांचा अभ्यास छापला. २०१६ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांमधल्या मरणभयावर आणि नैराश्यावर दोन अभ्यास एकाच वेळी आले: हॉपकिन्सचा ५१ रुग्णांचा, न्यूयॉर्क विद्यापीठाचा २९ जणांचा. हॉपकिन्समध्ये सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांची सुधारणा टिकून होती. खारघरला कर्करोगाच्या उपचारासाठी महिनोन् महिने भाड्याच्या खोलीत राहिलेली कुटुंबं ज्यांनी जवळून पाहिली असतील, त्यांना या आकड्याचं मोल सांगायला नको. तिथे ट्यूमर किती मिलिमीटर कमी झाला याची चर्चा रोज होते, रात्री झोप का लागत नाही याची क्वचितच.

पण पुढचे आकडेही वाचावेत. लंडनच्या इंपिरियल कॉलेजने २०२१ मध्ये सायलोसायबिन आणि एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरचं नेहमीचं औषध यांची ५९ रुग्णांत तुलना केली. ठरवलेल्या मुख्य मोजमापावर फरक सिद्ध झाला नाही. २०२२ मध्ये २३३ रुग्णांच्या ट्रायलमध्ये २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी ठळक आराम होता, १ मिलिग्रॅमवाल्यांपैकी १८ टक्क्यांना. आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करण्याच्या घटना सगळ्याच गटांत नोंदल्या गेल्या. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमएचा अर्ज नाकारला. कारणांमध्ये जुनंच दुखणं होतं: आपल्याला खरं औषध मिळालं की खोटं, हे रुग्णाला अर्ध्या तासात कळतं. त्याशिवाय कॅनडात झालेल्या एमडीएमएच्या एका आधीच्या ट्रायलमध्ये, औषधाच्या अंमलाखाली असलेल्या रुग्ण महिलेशी थेरपिस्ट जोडप्याने जे अनुचित शारीरिक वर्तन केलं, ते प्रकरणही लोकांसमोर आलं होतं. खोलीत कॅमेरा चालू होता. ते चित्रीकरण पाहायची तसदी वेळेवर कुणी घेतली नाही.

आता आपल्याकडे. ही औषधं माणसाला सहा-आठ तास सूचनेला फार मऊ करतात. समोरच्याने जे सांगितलं ते आतून उमगल्यासारखं वाटतं. आणि आपल्याकडे औषध न देताच डॉक्टर हा देवमाणूस असतो. ‘तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर’ हे वाक्य ओपीडीत ऐकलं नाही असा सभासद आपल्यात नसेल. सही मेव्हणा करतो, पेशंट मान हलवतो. हर्नियाच्या ऑपरेशनला हे खपून जातं. इथे खपणार नाही. आघाताच्या, नैराश्याच्या, मरणाच्या भीतीच्या माणसाला आपण अशा अवस्थेत नेणार, जिथे त्याची श्रद्धा, नातं, नोकरी यांकडे पाहण्याची नजरच बदलू शकते. तर त्याची संमती आधी त्याला एकट्याला बसवून, घरच्यांच्या गैरहजेरीत, किमान दोनदा आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन विचारली पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ मध्ये संशोधनासाठी स्वतंत्र, समजून दिलेल्या संमतीची अट आहेच. असुरक्षित गटातल्या रुग्णांवर नव्या रेणूची ट्रायल असेल तर संमतीचं दृक्-श्राव्य चित्रीकरणही नियमात आहे. हा रेणू ‘नवा’ मोडतो की जुना, यावर अर्जदार वाद घालील. आपण चित्रीकरण मागावं. संमतीचंही, आणि डोसच्या दिवसाचंही. आणि ते चित्रीकरण ट्रायलशी संबंध नसलेल्या कुणीतरी खरोखर पाहावं, कपाटात ठेवू नये.

दुसरा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो आणि परदेशी प्रोटोकॉलमध्ये तो सापडणार नाही. या औषधांच्या जवळपास प्रत्येक ट्रायलमधून स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा घरात इतिहास असलेल्यांना वगळतात, कारण त्यांच्यात आजार उफाळण्याची भीती असते. आता सांगा, आपल्याकडे घरातला वेडाचा इतिहास कोण सांगतं? मावशी ‘जरा तापट’ होती, काका ‘घर सोडून गेले’, आत्याला ‘बाहेरचं झालं होतं’. मुलीचं लग्न ठरायचं असेल तर तेवढंही नाही. सासूच्या देखत सुनेला हा प्रश्न विचारला की उत्तर ‘नाही’च येणार, आणि फॉर्मवर बरोबरची खूण होणार. तेव्हा हा इतिहास कोण, कुठे, कुणासमोर विचारणार, हे प्रस्तावात लिहिलेलं नसेल तर तो प्रस्ताव अपुरा समजावा. मला वाटतं हे काम अनुभवी सिस्टर किंवा समाजसेविकाच करू शकतील. चालू गोळ्या थांबवण्याचंही तसंच. नैराश्याच्या रुग्णाच्या चालू गोळ्या ट्रायलसाठी बंद करायच्या, मग तो खोट्या गोळीच्या गटात गेला तर त्या मधल्या आठवड्यांत त्याच्यावर नजर कुणाची?

आणि ट्रायल संपल्यावर? समजा गुण आला. सहा महिन्यांनी अंधार परत दाटला. औषध बाजारात नाही, कायद्याने बाळगता येत नाही, आणि या माणसाला आता ठाऊक आहे की ते आपल्याला लागू पडतं. तो कुठे जाईल हे तुम्हालाही कळतं, मलाही. मग त्याच्या खिशात सापडलेल्या, औषध मुरवलेल्या कागदी तुकड्यासाठी त्याला एनडीपीएसखाली आत टाकतील. ट्रायलनंतर औषध पुरवण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तिचा वापर करणार की नाही हे प्रायोजकाकडून सुरुवातीलाच लेखी घ्यावं.

शेवटचं केटामीनबद्दल. ते आपल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या कपाटात आहे, कडक नोंदी ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या शेड्यूल एक्स यादीत आहे, आणि भूल देणाऱ्यांना त्याची चांगली ओळख आहे. २००० मध्ये येल विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासापासून त्याचा नैराश्यावरचा उपयोग पुढे आला, २०१९ मध्ये अमेरिकेने त्याच्या भावंडाला, एस्केटामीनच्या नाकातल्या फवाऱ्याला, मान्यता दिली. पण तीही अशी की दवाखान्यात दोन तास देखरेखीखाली बसवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवू द्यायची नाही. आपल्याकडे शिरेतून केटामीन हा उपचार म्हणून दिला जातो, ट्रायल म्हणून नाही. त्यामुळे तो आपल्या टेबलावर येतच नाही. येण्याची सक्तीही नाही. तरी ज्या रुग्णालयाच्या कमिटीवर आपण बसतो, तिथे हा उपचार चालत असेल तर त्याची संमतीपत्रं आणि देखरेखीची पद्धत एकदा मागवून पाहायला काय हरकत आहे? ठाणे-बेलापूर रोडवर संध्याकाळच्या गर्दीत तो रुग्ण स्वतः स्कूटर चालवत घरी गेला की कुणी सोबत होतं, एवढं जरी विचारलं तरी पुष्कळ कळेल.

माझी विनंती एवढीच: आपापल्या कमिट्यांच्या पुढच्या बैठकीत या विषयासाठी अर्धा तास ठेवावा, आणि त्या अर्ध्या तासाला मनोविभागातल्या एका सिस्टरला बोलावावं. वर मांडलेल्या प्रश्नांची दोन पानी प्रश्नावली मी मराठीत तयार करतोय. ती माझ्या कमिटीच्या सचिवांकडे देईन. ज्यांना हवी असेल त्यांनी त्यांच्यामार्फत मागवावी, आणि तुमच्याकडे याहून चांगली असेल तर आम्हाला पाठवावी.

आपला नम्र,
एक ‘लेपर्सन’ सभासद
नौपाडा, ठाणे